टेबलावर चालतं, मखरात अडकतं: एलईडी पट्टी आणि बोर्डाचं दरवर्षीचं दुखणं

श्रावण संपत आला की माझ्या फोनवर एकाच छापाचे मेसेज यायला लागतात. "टेबलावर मस्त चालत होतं गं, मखरात लावलं आणि दहा मिनिटांत हँग." कुणाकडे नॅनो असतो, कुणाकडे ईएसपी३२; दोन्ही म्हणजे पट्टी चालवणारे, प्रोग्रॅम टाकता येणारे छोटे बोर्ड. पट्टी कुणी प्रभावळीला लावलेली असते, कुणी कमानीला. आणि प्रत्येक जण सोबत कोड पाठवतो. कोड बहुतेक वेळा ठीकच असतो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

हे मी स्वतः लागोपाठ तीन गणपतींत भोगलंय, म्हणून एकदाच सविस्तर लिहून ठेवते. पट्टी म्हणजे डब्ल्यूएस२८१२बी, ५ व्होल्टवाली, जिच्यातला प्रत्येक दिवा वेगळ्या रंगात लावता येतो ती. साध्या १२ व्होल्टच्या एकरंगी पट्टीबद्दल हे नाही.

२०२४ला ७ सप्टेंबरला गणपती बसले. आमच्याकडे प्रभावळीला अडीच मीटर पट्टी होती, मीटरला ६० दिवे, म्हणजे एकूण १५०. मागच्या पडद्याला ईएसपी३२ टाचलेला. ५ व्होल्ट १० अँपिअरचा एसएमपीएस, म्हणजे २३० व्होल्टचे ५ करणारा डबा, दोन मीटरवर, कपाटाच्या आडोशाला. आदल्या रात्री दोन वाजेपर्यंत सगळं सुरळीत. संध्याकाळची आरती संपली, सगळे फोटोला उभे राहिले आणि भाचा म्हणाला, "मावशी, पांढरा लाव ना, चेहरे काळे येतायत." मी फोनवरून पांढरा लावला. प्रभावळ एक क्षण लख्ख झाली, विझली, पुन्हा पहिल्यापासून इंद्रधनुष्य सुरू. पुन्हा पांढरा, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा सासूबाई म्हणाल्या, "राहू दे गं, समई आहे."

त्या रात्री मीही आधी कोडच उघडला होता.

बोर्ड पुन्हा जन्मला, झोपला, की पट्टीच बरळतेय?

'हँग होतं' या दोन शब्दांत तीन वेगळे आजार लपलेले असतात. ते वेगळे केल्याशिवाय पुढे जाऊ नका. त्यासाठी कोडमध्ये एकच भर घाला. सेटअपमध्ये (बोर्ड सुरू होताना एकदाच चालतो तो भाग) बोर्डावरचा छोटा दिवा पाच वेळा भराभर लुकलुकू दे आणि लूपमध्ये (पुन्हा पुन्हा चालत राहतो तो भाग) तोच दिवा सेकंदाला एकदा. हे दुसरं लुकलुकणं डिले वापरून करू नका, तो प्रोग्रॅम थांबवून ठेवतो; नुसती वेळ सांगणारा मिलिस वापरून करा. नॅनोवर हा दिवा १३ नंबरच्या पिनवर असतो, ईएसपी३२च्या बऱ्याच डेव्हकिट बोर्डांवर २ नंबरवर. काही बोर्डांवर तो नसतोच, मग एक साधा एलईडी आणि ३३० ओहमचा रेझिस्टर लावा.

आता मखरात बिघाड झाला की पट्टीकडे बघू नका, या दिव्याकडे बघा. मधेच पाच वेळा भराभर लुकलुकला तर बोर्ड रीसेट झाला, म्हणजे जवळजवळ नक्कीच वीज कमी पडली. दिवा गोठला, म्हणजे लागलेला लागलेलाच किंवा विझलेला विझलेलाच राहिला, तर प्रोग्रॅम अडकलाय. आणि दिवा आपला शांतपणे सेकंदाला एकदा लुकलुकतोय पण पट्टीवर भलतेच रंग नाचतायत, तर बोर्डाला काही झालेलं नाही. डेटाची तार बघा, म्हणजे बोर्डाकडून पट्टीला रंगांचे हुकूम नेणारी.

ईएसपी३२ असेल तर तो स्वतःच सांगतो. लॅपटॉप जोडून सीरिअल मॉनिटर (बोर्डाने पाठवलेल्या ओळी दाखवणारी खिडकी) १,१५,२०० वेगावर उघडा. 'ब्राउनआउट डिटेक्टर वॉज ट्रिगर्ड', म्हणजे वीज कमी पडल्याचं बोर्डाने ओळखलं, अशी ओळ आली की निदान झालं. मात्र लॅपटॉप जोडताना एसएमपीएसकडून बोर्डाकडे येणारी ५ व्होल्टची तार काढा, ग्राउंड (ऋण तार) राहू द्या. दोन्हीकडून वीज एकमेकांत घुसवू नका. आता तुम्ही म्हणाल, बोर्ड लॅपटॉपच्या विजेवर गेला की रीसेट होणंच थांबेल. थांबलं तर तेच उत्तर आहे.

ब्राउनआउट डिटेक्टर कोडमधून बंद करण्याचा सल्ला बरेच जण देतात. तो ऐकू नका. रीसेट थांबतो, पण अर्धपोटी बोर्ड मग काय वाट्टेल ते करतो, आणि निदानाची एकमेव खूणही तुम्ही पुसून टाकलेली असते.

वीज: हिशेब आणि मीटर

या पट्टीत एका दिव्याला पूर्ण पांढऱ्यावर ६० मिलिअँपिअर धरायचे, लाल-हिरव्या-निळ्याचे प्रत्येकी २०. १५० दिव्यांचे झाले ९ अँपिअर. हल्लीच्या पट्ट्या त्याहून कमी ओढतात. माझी मोजली तेव्हा पूर्ण पांढऱ्यावर साडेपाच अँपिअर निघाले. इंद्रधनुष्यात एकाच वेळी सगळे रंग पूर्ण पेटत नाहीत, त्यामुळे टेबलावर चाचणी करताना निम्म्याहूनही कमी करंट जातो आणि सगळं छान वाटतं. पांढरा लावला की खरी परीक्षा. म्हणून चाचणी नेहमी पूर्ण पांढऱ्यावर घ्यावी, तीसुद्धा मखरात, खऱ्या लांबीच्या तारांवर.

आता माझी चूक. एसएमपीएसपासून पट्टीपर्यंत मी घरात पडलेली अर्धा एमएमची (म्हणजे अर्धा चौरस मिलिमीटर छेदाची) तार वापरली होती. अशा तांब्याच्या तारेचा रोध मीटरला साधारण ०.०३६ ओहम. दोन मीटर जाताना, दोन मीटर येताना, मिळून ०.१४ ओहम. साडेपाच अँपिअरला त्यात पाऊण व्होल्टहून जास्त गळतात. म्हणजे एसएमपीएसवर ५ व्होल्ट असताना पट्टीच्या तोंडाशी ४.२. शिवाय बोर्डाची वीज मी पट्टीच्या तोंडापासूनच घेतली होती, तीही ब्रेडबोर्डातून, जंपरच्या बारीक तारांनी. बोर्डाच्या ५ व्होल्ट पिनवर मीटरने (मल्टिमीटरने) ३.९ दाखवले.

ईएसपी३२च्या बोर्डावर ५चे ३.३ करणारा जो छोटा रेग्युलेटर असतो, बहुतेकदा १११७, त्याला स्वतःसाठी सव्वा व्होल्टच्या आसपास लागतात. ३.९ मधून ते गेले की उरतात पावणेतीनच्या आत. वर वाय-फाय सिग्नल सोडताना हा बोर्ड क्षणभर २४० मिलिअँपिअरपर्यंत ओढतो. मीटर इतका चपळ नसतो, हे क्षणिक खड्डे त्याला दिसत नाहीत. म्हणून मीटरवर ४.५च्या खाली आकडा दिसला तरी मी दोष तिथेच धरते.

मीटर लावण्याच्या जागा चार: एसएमपीएसचं टर्मिनल, पट्टीचं तोंड, पट्टीचं शेपूट, आणि बोर्डाची ५ व्होल्ट पिन. चारही ठिकाणी त्याच जागेच्या ग्राउंडला काळी काडी टेकवून, पूर्ण पांढऱ्यावर. काळी काडी एका जागी टेकवून ठेवली आणि फक्त लाल फिरवली तर ग्राउंडच्या तारेतली गळती दिसत नाही.

शेपटाकडचा पांढरा पिवळट किंवा लालसर दिसत असेल तर मीटरशिवायही निदान होतं. निळ्या दिव्याला जास्त व्होल्ट लागतात, लालला कमी, त्यामुळे वीज कमी पडली की आधी निळा मान टाकतो.

दुरुस्ती अशी. एसएमपीएसपासून पट्टीपर्यंत दीड एमएमची वायर, घरच्या वायरिंगची चालते. माझी गळती पाऊण व्होल्टवरून पाव व्होल्टवर आली. त्याच वायरीची एक जोडी पट्टीच्या शेपटालाही द्या. बोर्डासाठी मात्र एसएमपीएसच्या टर्मिनलपासून वेगळी जोडी काढा, पट्टीच्या पंगतीत त्याला बसवू नका. पट्टीच्या तोंडाशी १००० मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर लावा, किमान ६.३ व्होल्टचा, पट्टा असलेला पाय ऋणाला. एसएमपीएसवर व्होल्ट वाढवायचा छोटा स्क्रू असतो, त्याने ५.१ करायला हरकत नाही, पण ही पट्टी ५.३ पर्यंतचीच आहे, त्यामुळे उत्साहात फिरवत सुटू नका. तो स्क्रू २३० व्होल्टच्या टर्मिनलांच्या शेजारीच असतो, तेव्हा प्लॅस्टिकच्या मुठीचा पेचकस घ्या आणि टर्मिनलवरचं झाकण लावूनच काम करा. मखरात कापड, पुठ्ठा, फुलं सगळं जळणारं असतं. वायर गरम लागत असेल तर ती बदला, टेप गुंडाळू नका.

कोडमधूनही लगाम घालता येतो. फास्टएलईडी लायब्ररीत किती व्होल्ट आणि जास्तीत जास्त किती मिलिअँपिअर ते सांगण्याची सोय आहे, मग ती स्वतःच प्रकाश कमी करते. डब्ल्यूएलईडी हे तयार फर्मवेअर वापरत असाल तर त्यात ही मर्यादा मुळातच ८५० मिलिअँपिअर असते. "मोठा एसएमपीएस आणला तरी पट्टी मंदच" ही तक्रार आली की मी आधी तो आकडा विचारते.

नॅनोवाल्यांसाठी एक वेगळी सूचना. पट्टी नॅनोच्या ५ व्होल्ट पिनवरून चालवू नका, वीस दिव्यांचीसुद्धा नको. यूएसबीची वीज तिथे एका लहानशा डायोडमधून येते. २०२३ला मी तो उद्योग केला होता. यूएसबीच्या खोबणीमागच्या त्या काळ्या तुकड्यावर बोट ठेवलं, चटका बसला आणि बोटावर छोटा चौकोन उमटला. बोर्ड दुसऱ्या दिवशी गेला.

वीज सुधारली आणि जास्तच बिघडलं

इथे बहुतेक जण हात टेकतात, कारण हे उलटं वागणं डोक्यात शिरत नाही. मी नवी वायर घातली, चारही जागी मीटरने ४.८च्या वर दाखवलं. रीसेट थांबला. आणि प्रभावळ बरळायला लागली! पहिला दिवा हिरवा अडकलेला, मधेच पांढरे ठिपके उडतायत, जणू कुणी फुलबाजी धरलीय. बोर्डावरचा दिवा मात्र शांतपणे सेकंदाला एकदा.

कारण डब्ल्यूएस२८१२बीच्या माहितीपत्रकात आहे. 'एक' म्हणून ओळखायला डेटाची पातळी पट्टीच्या व्होल्टच्या ७० टक्के लागते. पट्टी ५ व्होल्टवर असेल तर ३.५. ईएसपी३२ देतो ३.३. म्हणजे कागदावर हे चालायलाच नको. मग टेबलावर कसं चाललं? टेबलावर पट्टी बारीक तारांवर साडेचार व्होल्टवर रडत होती, आणि साडेचारचे ७० टक्के ३.१५. म्हणजे वीज कमी होती म्हणून डेटा चालत होता. एका रोगाने दुसरा झाकलेला.

त्यात ग्राउंडची भर. पट्टीचा करंट ऋण तारेतून परतताना तिथेही गळतो. जुन्या बारीक तारेवर पूर्ण पांढऱ्याला पट्टीचं ग्राउंड एसएमपीएसच्या ग्राउंडपेक्षा ०.४ व्होल्ट वर चढत होतं. बोर्डाचं ग्राउंड थेट एसएमपीएसला असेल तर पट्टीच्या नजरेने ३.३चे उरले २.९. म्हणून डेटाच्या तारेबरोबर ग्राउंडची एक तार बोर्डापासून पट्टीच्या तोंडापर्यंत न्यायची, दोन्हींना पीळ देऊन. ग्राउंड कुठेतरी लांबून जोडलेलं आहे, तेवढं पुरे, असं समजू नका.

डेटाची पातळी ३.३ वरून ५ व्होल्टपर्यंत वाढवायला ७४एएचसीटी१२५ ही चौदा पायांची, चार दारांची आयसी घ्या. एएचसीटी मिळाली नाही तर एचसीटी, पण नुसती एचसी नको. शेवटच्या 'टी'लाच महत्त्व आहे, त्यामुळे तिला २ व्होल्टचा इशाराही 'एक' म्हणून पुरतो. १४ नंबर पायाला ५ व्होल्ट, ७ला ग्राउंड, १ नंबरही ग्राउंडला, २ नंबरला बोर्डाचा डेटा, ३ नंबरमधून बाहेर. तिथून ३३० ते ४७० ओहमचा रेझिस्टर, मग पट्टी. न वापरलेल्या बाकी तीन दारांचे आत येणारे पाय लोंबकळत ठेवू नका, ग्राउंडला टाका. मुंबईत लॅमिंग्टन रोड किंवा पुण्यात बुधवार पेठेत गेलात तर दोन घ्या, एक उलटी बसवून जळते.

दुकानदार कधीकधी चार चॅनलचं छोटं लाल लेव्हल शिफ्टर (पातळी बदलणारं) बोर्ड हातात देतो, 'हेच चालतं' म्हणून. बीएसएस१३८ मॉस्फेटवालं असेल तर परत करा. सेन्सरसाठी ते उत्तम आहे. पण या पट्टीचा डेटा सेकंदाला ८ लाख बिटांचा, एका बिटाला सव्वा मायक्रोसेकंद, आणि 'शून्य' की 'एक' हे ठरतं डेटा ०.४ मायक्रोसेकंद वर राहिला की ०.८, यावर. त्या बोर्डातल्या १० किलोओहमच्या रेझिस्टरमुळे डेटा चढायलाच वेळ घेतो आणि सगळा घोळ होतो.

उद्या गणपती बसायचेत आणि आयसी नाही, अशा वेळी एक जुगाड आहे. पट्टीचा पहिला दिवा कापून वेगळा करा आणि फक्त त्याची ५ व्होल्टची वाट १एन४००७ डायोडमधून काढा. त्याला ४.३ मिळतात, त्याला ३ व्होल्टचा 'एक' पुरतो, आणि तो पुढच्या दिव्यांना ४.३चा तगडा डेटा देतो. मी एक पूर्ण गौरी-गणपती यावर काढलेत.

झोपणारा बोर्ड

२०२५ला गणपती २७ ऑगस्टलाच आले, वेळ कमी होता, आणि त्यातच मला कारंजं सुचलं. कूलरमध्ये असतो तो १८ वॅटचा २३० व्होल्टवाला पंप, रिले मॉड्यूलवरून, म्हणजे बोर्डाच्या इशाऱ्यावर उघडझाप करणाऱ्या स्विचवरून. पंप बंद झाला की तीन-चार वेळांतून एकदा बोर्ड गोठायचा. रीसेट नाही, दिवा लागलेला तो लागलेलाच. रिलेचे संपर्क उघडताना ठिणगी पडते, पंपाच्या गुंडाळीत साठलेली ऊर्जा तिथे बाहेर पडते आणि आजूबाजूच्या सगळ्या तारा ती ऐकतात.

रिलेच्या संपर्कांना समांतर स्नबर, म्हणजे ठिणगी शोषणारी जोडी, लावला: १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरड एकापाठोपाठ. कॅपॅसिटर एक्स२ छापाचा, २७५ व्होल्ट एसीचाच हवा, साधा डिस्क कॅपॅसिटर इथे फुटतो. रिले मॉड्यूल बोर्डापासून हातभर लांब नेलं. बिघाड बराच कमी झाला, गेला नाही. पाणी, २३० व्होल्ट आणि आरतीला आलेली लहान मुलं एकत्र आल्यावर माझं मन तसंही लागत नव्हतं. तिसऱ्या दिवशी पंप काढून साध्या बटणावर टाकला, तोही ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (विजेची गळती झाली की लाइन तोडणारा स्विच) असलेल्या लाइनवर. खरं सांगायचं तर कारंज्याला मायक्रोकंट्रोलर लागतच नव्हता, हौस होती. ५ किंवा १२ व्होल्टचा डीसी पंप असेल तर प्रकरण सोपं आहे: पंपाला समांतर १एन४००७, पट्टा धनाकडे.

नॅनोवर बोर्ड दोन-तीन तासांनी झोपत असेल आणि पंप-रिले काही नसेल, तर मेमरी बघा. एकूण रॅम २०४८ बाइट, दर दिव्याला ३, म्हणजे ३०० दिव्यांचे ९००. इथे एक मेख आहे. अ‍ॅडाफ्रूटची निओपिक्सेल लायब्ररी ही जागा प्रोग्रॅम चालू झाल्यावर मागते, त्यामुळे कंपाइल करताना 'इतकी मेमरी शिल्लक' असा जो आकडा दिसतो त्यात ती धरलेलीच नसते. वर कोडमध्ये 'स्ट्रिंग' (मजकुराचे तुकडे) जोडत-तोडत असाल तर दोन तासही पुष्कळ झाले.

आणि नॅनोवर रिमोट दहातून आठ वेळा ऐकत नाही, हा बिघाड नाही. पट्टीला डेटा पाठवताना लायब्ररी इंटरप्ट (बाहेरच्या इशाऱ्याकडे मधेच लक्ष देण्याची सोय) बंद ठेवते, १५० दिव्यांना एका खेपेला साडेचार मिलिसेकंद. त्या वेळात रिमोटचे ठोके बुडतात. रिमोट सोडा, एक पुश बटण लावा.

मूर्ती बसल्यानंतर एक दिवा गेला तर

पट्टीत डेटा एका दिव्यातून दुसऱ्यात जातो, त्यामुळे एक मेला की पुढचे सगळे विझतात. आधी बोटाने हलकं दाबून बघा, विशेषतः प्रभावळीच्या वळणावर. दाबल्यावर पेटला तर टाका सुटलाय. पट्टी जोडांपाशी वळवू नये, पण वळवली जातेच. बोटाने काही होत नसेल तर मेलेल्याच्या आधीच्या दिव्याच्या डेटा बाहेर जाणाऱ्या तांब्याच्या टिकलीपासून पुढच्याच्या आत येणाऱ्या टिकलीपर्यंत बारीक तारेचा पूल टाका. वीज बंद करून, आणि पट्टीवरचा बाण बघून, नाहीतर पूल उलटा पडतो. मेलेला दिवा खेळातून बाद होतो आणि बाकीचे चालू.

२०२५च्या चौथ्या दिवशी आमचा त्र्याहत्तरावा गेला, तेव्हा मी हेच केलं. पट्टीत एक दिवा कमी झाल्यामुळे तिथून पुढची सगळी नक्षी एका घराने सरकली. विसर्जनापर्यंत ते फक्त भाच्याच्या लक्षात आलं.